बर्फ कुठे टाकायचा? एका व्यापारी संकुलाच्या बागेची हिवाळी तयारी

पार्श्वभूमी

हे संकुल थंड प्रदेशातलं. डिसेंबर ते मार्च जमीन गोठलेली असते आणि त्या काळात पारा शून्याच्या वर-खाली हेलकावे खात राहतो. तीन इमारती आहेत: दोन कार्यालयांच्या, एक दुकानांची. मध्ये सुमारे तीनशे गाड्यांचं पार्किंग. पार्किंगच्या कडेने थुजाचं सदाहरित कुंपण, रस्त्याच्या बाजूला दोन वर्षांपूर्वी लावलेले मेपल, मुख्य दाराशी फोर्सिथिया आणि लायलॅक ही वसंतात फुलणारी झुडपं, इमारतींच्या मधल्या जागेत लॉन. पाण्यासाठी जमिनीखालून स्प्रिंकलरचे चौदा झोन, म्हणजे वेगवेगळे चालू-बंद होणारे भाग.

बागेचं कंत्राट एकाकडे, बर्फ हटवण्याचं दुसऱ्याकडे. बागेवाल्याचं काम ऑक्टोबरअखेर संपायचं आणि बर्फवाल्याचं नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू व्हायचं. एकाच जागेवर राबणारी ही दोन माणसं एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. संकुलाच्या व्यवस्थापक ऑगस्टमध्ये नव्याने रुजू झाल्या, तेव्हा गेल्या हिवाळ्यातल्या नुकसानीची यादी त्यांच्या टेबलावर आयतीच येऊन पडली: कुंपणाची बरीच झाडं तांबूस पडलेली, कोपऱ्यातली साफ मेलेली, स्प्रिंकलरचा बॅकफ्लो (पाणी उलटं मुख्य वाहिनीत जाऊ न देणारा भाग) तडकलेला, लॉनची पार्किंगलगतची पट्टी जळालेली, दोन ठिकाणी पार्किंगच्या कडेचे काँक्रीट दगड उखडलेले, आणि वसंतात फोर्सिथियाला जेमतेम चार फुलं.

समस्या

मालकांचं म्हणणं सरळ होतं. मेलेली झाडं बदला, फुटलंय ते दुरुस्त करा, आणि यंदा हिवाळी तयारी नीट करून घ्या. बागेवाल्याचं कोटेशनही आलं होतं: पानं गोळा करणं, सगळ्या झुडपांची छाटणी, मल्चिंग (मातीवर साल-पाल्याचा थर घालणं), स्प्रिंकलर बंद करणं, सगळं मिळून एक रक्कम. कागदावर काही उणं दिसत नव्हतं. व्यवस्थापकांनी मात्र सही करायच्या आधी एप्रिलमधले फोटो शोधून काढले आणि नुकसान कुठे झालं ते संकुलाच्या नकाशावर मांडलं. या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, असं मी म्हणेन. त्याला लागली एक दुपार आणि एक लाल पेन.

कुंपण सगळीकडे सारखं मेलेलं नव्हतं. बहुतेक झाडं फक्त पार्किंगकडच्या अंगाने तांबूस होती, मागून हिरवीगार. पुढूनही जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग हिरवा आणि त्याच्या वरचा होरपळलेला. ही रेघ फोटोत इतकी सरळ दिसते, की कुणी पट्टी लावून आखली असावी. गुडघ्याखालचा भाग हिवाळाभर बर्फात गाडलेला होता म्हणून वाचला. वरच्या उघड्या पानांना वाराही लागला आणि गाड्यांच्या चाकांनी उडवलेलं खारं पाणीही. सदाहरित झाडं हिवाळ्यातही पानांतून पाणी गमावत राहतात. जमीन गोठली की मुळांना ते भरून काढता येत नाही. अशी झाडं आधीच कोरडी असतील, तर फेब्रुवारीचं ऊन आणि वारा त्यांना पुरतं वाळवतो.

कोपऱ्यातल्या झाडांची तऱ्हा वेगळी. ती बुडापासून शेंड्यापर्यंत, चहूबाजूंनी वाळली होती. तिथल्या मातीच्या तपासणीत सोडियम चढलेलं निघालं. सोडियम मातीच्या कणांवरचं कॅल्शियम हुसकावून लावतं. मातीची घडण मोडते, ती घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं. इथे झाड वरून नव्हे, मुळांकडून मेलं होतं.

म्हणजे एकाच कुंपणाला दोन आजार होते, आणि दोन्हींवर औषध एकच सुचवलं गेलं होतं: नवीन झाडं लावा.

कोपऱ्यात मीठ कुठून आलं, हे विचारायला व्यवस्थापकांनी प्लाऊच्या, म्हणजे बर्फ ढकलणाऱ्या मशीनच्या, चालकाला बोलावलं आणि त्याच्यासोबत पार्किंगभर चक्कर मारली. त्याने न लपवता सांगितलं. "मॅडम, मी येतो पहाटे तीनला. उतार त्या कोपऱ्याकडे आहे, वाटेत काही आडवं येत नाही, एका फेरीत सगळा बर्फ तिकडे ढकलता येतो. दुसरीकडे टाक, असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही." कडेचे दगड कसे उखडले, तेही त्याने पायानेच दाखवलं. पहिल्या मोठ्या बर्फानंतर पार्किंगची कड आणि लॉन एकाच पांढऱ्या पातळीत येतात. पातं दगडावर आदळल्यावरच कळतं की कड आली.

मीठ टाकलेला बर्फ हिवाळाभर त्या कोपऱ्यात साठत होता, आणि उतारामुळे वितळलेलं खारं पाणीही तिथेच जिरत होतं. बर्फाचा ढीग कुठे घालायचा हा खरं तर बागेचा प्रश्न. त्याचा निर्णय घेत होता एक चालक, अंधारात, मशीनवर बसून.

उरलेल्या दोन गोष्टी बागेवाल्याच्या. बॅकफ्लो तडकला कारण त्यात पाणी राहिलं होतं; पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि पितळेचं अंग ते सोसत नाही. आणि फोर्सिथिया फुलला नाही, कारण ऑक्टोबरच्या 'साफसफाई'त त्याच्या फांद्या छाटल्या गेल्या होत्या. फोर्सिथिया आणि लायलॅक उन्हाळ्यातच, त्या वर्षी वाढलेल्या फांद्यांवर, पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतात. शरदात छाटणी केली की झुडूप नीटनेटकं दिसतं आणि वसंतात फुलांवाचून उभं राहतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मालकांचा: होतं तसं पुन्हा लावा. तो बाद व्हायला वेळ लागला नाही, कारण खाऱ्या मातीत नवा थुजा लावणं म्हणजे पुढच्या वर्षीचं बिल आजच फाडणं.

दुसरा: सगळ्या कुंपणाला गोणपाट. वारा आणि खारे शिंतोडे यांच्यापासून गोणपाट खरंच वाचवतं, पण ते खांबांवर ताणून, पानांपासून थोडं लांब लावावं लागतं. थेट पानांना गुंडाळलं तर ओलं होऊन चिकटतं, गोठतं आणि उलट इजा करतं. एवढ्या लांबीला मजुरी बरीच होती. शिवाय दुकानदारांना समोर चार महिने तरटाची भिंत नको होती. पानांवर मारायचा बाष्परोधक फवाराही सुचवला गेला. त्याचा गुण सगळीकडे सारखा येत नाही, म्हणून तो मुख्य उपाय धरला नाही.

तिसरा: कुंपण काढून मीठ सोसणारी झाडं लावायची, जसे काही जुनिपर. कोपऱ्यासाठी हे पटण्याजोगं होतं. पूर्ण लांबीसाठी नाही. मागची बाजू हिरवी असलेलं कुंपण उपटण्यात अर्थ नव्हता.

चौथा: बर्फाची जागा आणि मिठाची पद्धत बदलायची. यात झाडांवर खर्च कमी आणि माणसांशी बोलणं जास्त. बहुतेकांना म्हणूनच तो नको असतो.

ठरलं ते चौथ्याला धरून, तिसऱ्याचा थोडा भाग घेऊन, आणि सगळ्यात उघड्या पडणाऱ्या भागापुरतं गोणपाट लावून. पण 'ठरलं' हा शब्द वाटतो तितका सरळ नव्हता.

कुठे कुठे अडलं

ढिगासाठी नवी जागा शोधताना तीन अटी होत्या: वितळलेलं पाणी पायवाट ओलांडता कामा नये, नाहीतर दिवसा वितळून रात्री तिथे काचेसारखा बर्फ धरतो; पाणी गटाराच्या जाळीकडे वाहिलं पाहिजे, पण ढीग जाळीवर बसता कामा नये; आणि बाहेर पडणाऱ्या गाडीला रस्ता दिसला पाहिजे. तिन्ही पाळणारी एकच जागा निघाली. ती उन्हाची होती, जाळीच्या वरच्या अंगाला होती, आणि तिथे गाड्या लावायच्या सहा जागा होत्या. दुकानदारांनी नकार दिला. गिऱ्हाईक आधीच बर्फात यायला कुरकुरतं, त्यात जागा कमी कशाला? व्यवस्थापकांनी नोंदी दाखवल्या: दाराजवळच्या चांगल्या जागा सकाळपासून कर्मचाऱ्यांच्याच गाड्यांनी अडलेल्या असायच्या. कर्मचाऱ्यांनी हिवाळ्यापुरत्या मागच्या बाजूला गाड्या लावायच्या, या बोलीवर सहा जागा सुटल्या. त्यांनी हा वाद झाडांच्या नावाने मांडला असता तर नक्की हरल्या असत्या. त्यांनी तो गिऱ्हाइकाच्या सोयीचा म्हणून मांडला.

मिठावर एकमत होणं सोपं नव्हतं आणि व्हायलाही नको होतं. पाय घसरून कुणी पडलं तर त्यापुढे कुंपणाची काय किंमत? तेव्हा 'मीठ कमी करा' असा आदेश कुणी काढला नाही. बदलली ती पद्धत. आधी बर्फ खरवडून काढायचा, मग उरलेल्या पातळ थरावर मीठ. ताज्या बर्फावर थेट मीठ ओतलं तर त्यातलं बरंचसं पात्यासोबत ढिगात जातं. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, उणे 9 अंशांच्या खाली फारसं काम करत नाही. अशा रात्री चालक गोणीमागून गोणी ओतायचे आणि बर्फ तसाच राहायचा. त्या रात्रींसाठी पायऱ्या आणि दारांपुरतं कॅल्शियम क्लोराइड ठेवलं. ते साधारण उणे 29 पर्यंत चालतं, पण महाग असतं. उतारावर वाळू. वाळू काही वितळवत नाही, फक्त पकड देते, आणि वसंतात झाडून काढली नाही तर गटारात जाऊन बसते.

सगळ्यात अवघड पेच पाण्याचा होता आणि तो कोटेशनमध्ये दिसतच नव्हता. स्प्रिंकलर पहिल्या कडक थंडीच्या आधी रिकामे करायला हवेत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. थुजाला आणि नव्या मेपलना मात्र जमीन गोठेपर्यंत खोल पाणी हवं, म्हणजे आणखी महिनाभर. बागेवाला म्हणाला, एकदाच येतो, सगळं उरकतो. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. शेवटी स्प्रिंकलर वेळेवर बंद केले आणि इमारतीच्या भिंतीतल्या, न गोठणाऱ्या नळावरून होज लावून कुंपणाला आणि मेपलना दर आठवड्याला सावकाश पाणी द्यायचं ठरवलं. हे काम सफाई कर्मचाऱ्यांकडे दिलं आणि त्याची वेगळी मजुरी धरली. न धरता दिलं असतं, तर दुसऱ्या आठवड्यात ते बंद पडलं असतं.

प्रत्यक्ष काम

स्प्रिंकलर रिकामे करताना व्यवस्थापक स्वतः उभ्या होत्या. बागेवाल्याचा माणूस गॅरेजात असतो तसा छोटा कॉम्प्रेसर घेऊन आला. त्याचा दाब भरपूर, पण हवेचा पुरवठा अगदी तोकडा. लांब पाइपातलं पाणी हाकलायला दाबापेक्षा हवेचा सतत लोट लागतो. तोकड्या कॉम्प्रेसरची हवा पाण्याच्या वरून निघून जाते आणि पाणी तळाशी राहतं. मग माणूस दाब वाढवतो आणि स्प्रिंकलरची तोंडं मोडतात. त्याला परत पाठवून भाड्याचा मोठा कॉम्प्रेसर मागवला. इथले पाइप पॉलिथिलीनचे, म्हणून दाब 50 पीएसआयच्या आत ठेवला. पीव्हीसीला 80 पर्यंत चालतो.

क्रम असा: मुख्य पाणी बंद. हवेची जोडणी बॅकफ्लोच्या पुढे, स्प्रिंकलरच्या बाजूला, कारण त्याच्या आतून हवा मारली तर आतल्या रबरी चकत्या खराब होतात. हवा सोडण्याआधी एक झोन उघडा. सुरुवात सगळ्यात लांबच्या आणि उंच झोनपासून. तोंडातून आधी धार, मग फुसफुस, मग नुसतं धुकं. धुकं दिसलं की दुसरा झोन. कोरड्या पाइपात दोन मिनिटांपेक्षा जास्त हवा चालवली तर घर्षणाने प्लॅस्टिक तापतं, म्हणून एकदा लांबलचक चालवण्यापेक्षा दोन छोट्या फेऱ्या. शेवटी बॅकफ्लोच्या बॉल व्हॉल्व्हची (आतल्या भोकाच्या गोळ्याने पाणी अडवणाऱ्या तोटीची) दांडी दोन-तीनदा उघडझाप करून 45 अंशांवर तिरकी ठेवली, म्हणजे गोळ्याच्या पोटात पाणी अडकत नाही. गेल्या वर्षी दांडी पूर्ण बंद होती. तडा नेमका तिथेच गेला होता.

बाकीची कामं झटपट सांगण्यासारखी. लॉन शेवटच्या कापणीत सहा सेंटीमीटरच्या आसपास ठेवलं, पानं उचलली; लांब गवत आणि ओल्या पानांचा थर बर्फाखाली राहिला की बुरशी धरते आणि वसंतात राखाडी-गुलाबी चकत्या दिसतात. पार्किंगवर लोंबणाऱ्या मेलेल्या फांद्या तोडल्या; बाकी छाटणीला हात लावला नाही. झाडांचं मल्च पाच ते आठ सेंटीमीटर, खोडापासून वितभर लांब. फुलझाडांच्या वाफ्यांचं मल्च मात्र जमीन गोठल्यावर घातलं. तिथे मल्चचं काम ऊब देणं हे नसतंच. जमीन वारंवार गोठून-वितळून मुळं वर उचलली जाऊ नयेत, म्हणून ती गोठलेलीच ठेवायची असते. यासाठी बागेवाल्याला डिसेंबरमध्ये एक जादा फेरी करावी लागली आणि ती त्याने करारात लिहून घेतली.

नव्या मेपलच्या खोडांना पांढरी पट्टी गुंडाळली. पातळ सालीचं झाड हिवाळी दुपारच्या उन्हात तापतं, सूर्य मावळताच एकदम गार होतं, आणि साल उभी फाटते.

पार्किंगच्या कडेने, वळणांवर आणि गटाराच्या जाळ्यांशी उंच, चमकत्या टोकाच्या काठ्या ठोकल्या. जमीन गोठल्यावर त्या आत जात नाहीत, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्या दिवशी बागेवाला आणि प्लाऊचालक पहिल्यांदा एकत्र फिरले. एक काठी पाण्याच्या व्हॉल्व्हच्या पेटीवर बसते आहे, हे बागेवाल्याने तिथेच सांगितलं आणि पाइप वाचला.

काय झालं

एप्रिलमध्ये बॅकफ्लो शाबूत होता. फोर्सिथिया भरभरून फुलला. दुकानदारांनी दखल घेतली ती याचीच. कुंपणाची नवी होरपळ फारच कमी होती आणि गोणपाटामागे जवळपास नव्हतीच. जुना तांबूस भाग मात्र तसाच राहिला, कारण थुजा वाळलेल्या जुन्या लाकडातून पुन्हा फुटत नाही. हे मालकांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, नाहीतर सगळं मुसळ केरात गेलं असं त्यांना वाटलं असतं.

सगळंच काही जमलं नाही. जानेवारीतल्या मोठ्या वादळात नेहमीचा चालक आजारी होता. बदली चालक आला आणि त्याने उतार पाहून बर्फ जुन्याच कोपऱ्यात ढकलला. जागेचा नकाशा नेहमीच्या चालकाच्या फोनमध्ये होता. दुसऱ्या दिवशी लोडर लावून ढीग हलवला, पण थोडं खारं पाणी तोवर मुरलंच.

एक झोन एप्रिलमध्ये गळताना सापडला. ऑक्टोबरमध्ये त्याचा व्हॉल्व्ह अडकला होता, माणसाने 'नंतर हाताने उघडतो' म्हटलं आणि ते राहून गेलं. कामाच्या कागदावर तेरा झोनसमोर खूण होती, चौदाव्यासमोर कोरी जागा. कागद फाइलला लागला. तो कुणी वाचला नाही.

आणि दोन मेपलची साल बुडाशी, पट्टीच्या आत, उंदरांनी कुरतडली होती. मल्च खोडापासून लांब होतं, पण पट्टी जमिनीला टेकलेली. बर्फाखालून येणाऱ्या उंदरांना आयता आडोसा मिळाला. एका झाडाची साल गोल फिरून गेली होती. ते वाचलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात जूनमध्ये व्हायला हवी होती. सप्टेंबर येईपर्यंत बर्फाचं कंत्राट जुन्याच अटींवर वाढवून झालं होतं, त्यामुळे ढिगाची जागा आणि मिठाची पद्धत विनंती म्हणून सांगावी लागली. विनंती नेहमीचा चालक पाळतो. बदली चालकाला ती माहीतच नसते. आता करारात नकाशा जोडलेला आहे आणि त्याची प्रत प्रत्येक मशीनच्या केबिनमध्ये चिकटवायची अट आहे.

दोन्ही कामं एकाच कंत्राटदाराला द्यावीत, असा सूर बैठकीत निघाला. मला तो तितकासा पटत नाही. एकाच कंपनीतही उन्हाळ्याची माणसं आणि हिवाळ्याची माणसं वेगळीच असतात. फरक पडला तो नोव्हेंबरमधल्या एकत्र फेरीने. ती फेरी दोन्ही करारांत घातली असती, तर जास्त बरं झालं असतं.

मिठाचा हिशेब कुणी ठेवला नाही, ही मोठीच उणीव. किती गोण्या गेल्या, कोणत्या रात्री, किती तापमानाला, यातलं काहीच लिहिलेलं नाही. मीठ कमी लागलं असं चालक म्हणतो आणि मला ते खरंही वाटतं, पण मालकांपुढे ठेवायला आकडा नाही. मातीची तपासणीही फक्त कोपऱ्याची झाली. कुंपणाच्या मधल्या भागातली शरदातली आणि वसंतातली माती तपासली असती, तर कुठे शिंतोड्यांचं नुकसान थांबतं आणि कुठे मुळांचं सुरू होतं, हे सांगता आलं असतं.

मेपलना नुसत्या पट्टीऐवजी बुडाशी बारीक लोखंडी जाळी, मातीत थोडी पुरलेली, आणि तिच्या वर पट्टी. पट्टी बर्फ सरताच काढायची. हे पुढच्या यादीत गेलं आहे.

कोपऱ्यातली माती उन्हाळ्यात कॅल्शियम देणारं जिप्सम घालून, वरून भरपूर पाणी देऊन धुतली जाते आहे. नुसतं जिप्सम टाकून भागत नाही. सुटलेलं सोडियम खाली वाहून न्यायला पाणी आणि निचरा दोन्ही लागतं, आणि निचरा तिथे अजून कमीच आहे. जुनिपर आणून ठेवायची मालकांना घाई आहे. व्यवस्थापकांनी पुढच्या माती अहवालापर्यंत थांबायला सांगितलंय. दरम्यान दुकानदारांनी त्या सहा जागांचा विषय पुन्हा काढला आहे. त्यावर बैठक सप्टेंबरमध्ये आहे, आणि या वेळी प्लाऊचालकालाही बोलावलं आहे.